डब्ल्यू कुठला लॅटिन?

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर, निदान आपल्या नागपुरात तरी, एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: मूलद्रव्यांच्या संज्ञा आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन रसायनज्ञ मेंडेलीव्हने ठरवल्या, इंग्रजी नावाशी न जुळणाऱ्या 11 संज्ञा तेवढ्या लॅटिन, कारण ती मूलद्रव्ये रोमन लोकांनी शोधली, आणि मुळात आवर्तसारणीच संस्कृतवर उभी आहे. शेवटी ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’ आहेच.

मेंडेलीव्हचे आधी उरकू. त्याचा जन्म 1834चा, सारणी 1869ची. संज्ञांची पद्धत स्वीडनचा रसायनज्ञ बर्झेलियस याने 1813-14 मध्येच मांडली होती. त्याच्या आधी इंग्रज रसायनज्ञ डाल्टन मूलद्रव्यांसाठी वर्तुळे काढून आत टिंबे-रेघा देत असे. छापणाऱ्याच्या डोक्याला ताप. बर्झेलियसने सरळ अक्षरे घेतली, तीही लॅटिन नावांची, कारण युरोपभरच्या विद्वानांना ती भाषा सामायिक होती.

आता रोमन लोक. सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील, शिसे, पारा त्यांच्या वापरात होते, अँटिमनीचा सुरमाही. पण ‘शोधले’ कसे म्हणणार? तांबे तर रोम वसण्याच्या हजारो वर्षे आधीपासून माणसाच्या हातात आहे, आणि ‘कुप्रम’ हे नाव सायप्रस बेटावरून पडले. पाऱ्याचे ‘हायड्रार्जिरम’ मूळचे ग्रीक, ‘पाण्यासारखी चांदी’. कथलाची गंमत वेगळीच. रोमन लोक शिशाला काळे प्लंबम आणि कथलाला पांढरे प्लंबम म्हणत. ज्यावरून कथलाची एसएन ही संज्ञा आली ते ‘स्टॅनम’ रोमन लेखक प्लिनीच्या काळी चांदी-शिशाच्या मिश्रणाला लावत. कथील हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

सोडियम आणि पोटॅशियम तर कुठल्याही रोमन माणसाने पाहिलेच नाहीत. इंग्रज रसायनज्ञ हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून ते वेगळे केले. ‘नॅट्रियम’ आणि ‘कॅलियम’ ही नावे त्यानंतर जर्मन-स्वीडिश रसायनज्ञांनी रूढ केली. पहिल्याचे मूळ इजिप्तच्या नॅट्रॉन खारात, दुसऱ्याचे अरबी ‘अल-कली’त, म्हणजे वनस्पतींच्या राखेत. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार खताच्या पोत्यावर ‘एनपीके’ वाचतो, त्यातला पोटॅशियमचा ‘के’ असा अरबी आहे. लॅटिन हा फक्त वरचा अंगरखा.

डब्ल्यूपाशी, म्हणजे टंगस्टन धातूच्या संज्ञेपाशी, मात्र या मजकुराचे पितळ पूर्णच उघडे पडते. रोमन वर्णमालेत डब्ल्यू हे अक्षरच नव्हते! ही संज्ञा ‘वोल्फ्राम’ या नावातून आली, आणि ते नाव जर्मन खाणकामगारांचे. कथील गाळताना टंगस्टनचे खनिज मध्ये आले की कथील कमी निघे, म्हणून त्यांनी त्याला कथील खाणारा लांडगा ठरवले; ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा. त्या खनिजापासून, वोल्फ्रामाइटपासून, स्पेनमध्ये एल्हुयार बंधूंनी 1783 मध्ये धातू मिळवला. ‘टंगस्टन’ हे दुसरे नाव स्वीडिश, अर्थ ‘जड दगड’. हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आहेत, आणि भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. विचारायला फार लांब जायला नको.

‘11 तेवढ्याच लॅटिन’ हेही खोटे. कार्बनचा सी लॅटिन ‘कार्बो’चा, म्हणजे कोळशाचा, कॅल्शियम ‘कॅल्क्स’वरून, म्हणजे चुन्यावरून. इंग्रजी नावाशी जुळतात म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

राहिले संस्कृत. इथे धागाभर खरे आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. मेंडेलीव्हने सारणीतल्या रिकाम्या जागांना एक, द्वि, त्रि हे संस्कृत उपसर्ग लावले. एका-ॲल्युमिनियम 1875 मध्ये गॅलियम म्हणून सापडले, एका-सिलिकॉन 1886 मध्ये जर्मेनियम म्हणून. पण ही तात्पुरती नावे होती. संज्ञांत त्यांचे एक अक्षरही उरले नाही. अभिमानच हवा असेल तर राजस्थानात जावरला मध्ययुगात जस्ताची वाफ पकडून धातू काढत, ते सांगा. युरोपात जर्मन रसायनज्ञ मार्ग्राफने जस्त वेगळे केले ते 1746 मध्ये.

रामटेकजवळ मनसरच्या खाणीतून निघते त्या मँगनीजच्या खालीही मेंडेलीव्हने दोन जागा सोडल्या होत्या. एका-मँगनीज 1937 मध्ये इटलीत मिळाले. ते माणसाने घडवलेले म्हणून ग्रीकवरून टेक्नेशियम झाले. द्वि-मँगनीज 1925 मध्ये जर्मनीत सापडले, आणि शोधणाऱ्यांनी त्याला ऱ्हाइन नदीच्या लॅटिन नावावरून ऱ्हेनियम म्हटले.