भाड्याआधी दहावी-बारावीचं बघा

दुसऱ्या राज्यात राहायला जाण्याबद्दलच्या या लेखात घरभाडं, पगार, हवापाणी यांची तुलना व्यवस्थित आहे, पण राज्य बदलताना खरी मेख कागदपत्रांत असते. गाडी 12 महिन्यांहून जास्त तिकडे राहणार असेल तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आधी जुन्या आरटीओची एनओसी, मग नव्या राज्याचा रोड टॅक्स, आणि जुन्याच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. गाडी म्हातारी असेल तर सरळ विकून टाकलेली बरी! व्यवसाय कराचा फरक वर्षाला फार तर 2500 रुपये, तो सोडा. मुलांचं मात्र नीट बघा. सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यातल्या, आणि महाराष्ट्रात त्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी-बारावीही इथलीच लागते (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना वगैरे सवलत आहे). मूल नववीत असेल तर हे आत्ताच विचारून घ्या.