ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला, असं नाही

पावसाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: मलेरियाचा ताप म्हणजे प्रतिकारशक्ती जिंकत असल्याची खूण, काढा घेऊन इम्युनिटी वाढवा, ताप उतरला की गोळ्या बंद करा. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि तिसरी तर धोक्याची.

आधी ताप. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो. या पेशीला केंद्रक नसतं आणि आत घुसखोर आहे हे टी-पेशींना (बाधित पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवण्याची सोयही जवळपास नसते, म्हणून तो तिथे निर्धास्त असतो. वाढ पुरी झाली की पेशी फोडून बाहेर पडतो. तेव्हा हिमोझॉइनचे (परजीवीने हिमोग्लोबिन पचवल्यावर उरणाऱ्या कचऱ्याचे) कण आणि त्यांना चिकटलेला परजीवीचा डीएनए रक्तात सांडतो. पांढऱ्या पेशींमधले टोल-सदृश ग्राहक, म्हणजे जंतूंच्या खुणा टिपणारी प्रथिनं, तो डीएनए ओळखतात, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे इशारा देणारे रेणू सुटतात, मेंदूतलं तापमान-केंद्र पारा चढवतं. हुडहुडी भरते ती परजीवींची नवी तुकडी रक्तात उतरल्यामुळे. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकारात हे चक्र साधारण ४८ तासांचं असतं. मधल्या दिवशी बरं वाटतं, पण तेव्हा ही तुकडी पुढच्या पेशींत शिरलेली असते.

इम्युनिटी जितकी जास्त तितकी चांगली, हेही खरं नाही. टीएनएफ वाढला की रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आयकॅम-१ नावाचं प्रथिन वाढतं. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या, जास्त घातक प्रकाराने बाधित पेशी त्यालाच चिकटतात. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशाच तुंबतात आणि रुग्ण बेशुद्ध होतो. शरीराचा इशाराच इथे शरीरावर उलटतो. काढ्याने हे आवरत नाही. परजीवी मारणारं औषध वेळेवर लागतं.

राहिली गोळ्यांची गोष्ट. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृताच्या पेशींत हिप्नोझोइट बनून झोपून राहतात. रक्ततपासणीत ते दिसत नाहीत, ताप आणत नाहीत आणि काही महिन्यांनी जागे होतात. रक्तातले परजीवी मारणारं क्लोरोक्विन त्यांना मारत नाही. त्यासाठीच प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो. तो मनाने सुरू करू नये, कारण तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटतात, आणि गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत. पण डॉक्टरांनी दिला असेल तर पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. झोपलेला परजीवी उठला की रक्तात पुन्हा डासाला लागण करणारी रूपं तयार होतात, आणि मुंबईत मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास आपल्याच गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो.