"पवनेचं पाणी शांत आहे, बिनधास्त उतरा" म्हणे

थंडीची चाहूल लागली की लोणावळ्याजवळच्या पवना धरणाकाठी कॅम्पिंग करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. समुद्रासारख्या लाटा नाहीत म्हणून धरण सेफ, कडेला कंबरेएवढंच पाणी, पोहता येणाऱ्याला टेन्शन नाही, लाईफ जॅकेट घातलं की विषय संपला, आणि कोणी बुडालंच तर उलटं करून पोटातलं पाणी काढा. घ्या एकेक.

लाटा नाहीत, मान्य. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे अलिबागला आरामात तरंगणाऱ्याला इथे जास्त हातपाय मारावे लागतात. आणि वारं सुटलं की हवेची ट्यूब काठापासून कधी लांब गेली कळतच नाही, मग माणूस घाबरून ट्यूब सोडतो आणि पोहत यायला बघतो, तिथेच घात होतो.

कंबरेएवढं पाणी? अरे भाऊ, हा स्विमिंग टँक नाहीये, बुडालेलं खोरं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं, लोक चालत दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यानंतर तेच देऊळ परत पाण्याखाली. म्हणजे तुम्ही उभे आहात तो कुणाच्यातरी शेताचा बांध असू शकतो आणि पुढचं पाऊल थेट जुन्या ओढ्यात. त्यावर गाळ. एक पाय रुतला की तो काढायला माणूस दुसऱ्यावर जोर देतो, मग तोही रुततो.

पोहता येतं म्हणजे सोसायटीच्या टँकमधे येतं, जिथे दमलं की कठडा धरता येतो. इथे रात्रभर जागरण, पोटात दोन बियर, आणि "समोर जाऊन येतो" अशी पैज. समोरचा काठ दिसतो त्यापेक्षा बराच लांब असतो. मधेच दम लागला तर पाठीवर पडून तरंगायचं, बाकी काही नाही. आणि बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही हो, श्वासच घेता येत नाही तर हाक कुठून मारणार, काठावरच्यांना वाटतं मस्ती करतोय. कळलं तरी त्याच्यामागे उडी टाकू नका, रस्सी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका.

जॅकेटचं म्हणणं अर्धं खरं. घालाच, पण सगळे पट्टे आवळून कोणालातरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बकल तुटून दोरीची गाठ मारलेली असेल तर दुसरं मागा, नसेल तर पाण्यात जाऊच नका, कयाकचे (वल्ह्याच्या छोट्या होडीचे) पैसे गेले तरी चालतील.

आणि ते उलटं करणं तर डोक्यातूनच काढा, त्यात नुसता वेळ जातो. श्वास थांबला असेल तर आडवं झोपवून लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, सुरू, तोवर दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. रेंज कुठे येते ते टेंट ठोकतानाच बघून ठेवा.