तीन अपघात कमी पडले

काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी इथे न्यू जर्सीत, आमच्या कोपऱ्यावर माझ्या मुलीची पाण्याची बाटली गाडीखाली गेली. मुलगी वाचली ती माझ्या आईने मागून दप्तर धरून खेचलं म्हणून. डावीकडून आलेली गाडी थांबली होती, आतल्या बाईंनी हाताने 'जा' अशी खूणही केली. पण मागच्याला कुठला धीर! तो त्या गाडीला उजवीकडून, फुटपाथला घासून, वळसा घालून सुसाट निघून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. निळी स्टीलची बाटली, पार चपटी झाली.

आणि दुपारच्या टपालात टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र! चारही बाजूंना स्टॉपच्या पाट्या लावा, म्हणजे प्रत्येक गाडीला थांबावंच लागेल, म्हणून सतरा घरांच्या सह्या घेऊन अर्ज दिला होता, त्याचं उत्तर. अभ्यास केला, निकष पूर्ण होत नाहीत. बारा महिन्यांत नोंदलेले अपघात दोन, लागतात पाच.

म्हणजे अजून तीन व्हायची वाट बघायची? आणि 'नोंदलेले' म्हणजे पोलीस रिपोर्ट झालेले. समोरच्यांच्या गाडीचा आरसा उडाला, त्यांनी आपसांत मिटवलं. तो धरला नाही. कचकन ब्रेक मारून हातभर अंतरावर थांबलेल्या गाड्या कोण मोजतंय? कालची बाटलीही कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? गाड्या मोजायच्या त्या काळ्या रबरी नळ्या रस्त्यावर टाकल्या कधी, तर जुलैत! न्यू जर्सीत जुलैमध्ये कुठली शाळा चालू असते? ना स्कूल बस, ना दप्तरं, ना पोरांना सोडायला निघालेले आई-बाप. आणि रबरी नळीवरून चाक गेलं तर कळतं, माझी आई कडेला ताटकळत उभी आहे हे कसं कळणार? दादर स्टेशनबाहेर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आयुष्यभर रस्ता ओलांडलेली बाई इथे पाच-पाच मिनिटं उभी राहते आणि परत घरी येते. जो घाबरून रस्ता ओलांडतच नाही, तो कुठल्याच मोजणीत येत नाही. मग म्हणणार, पादचारी आहेतच कुठे!

रात्री नियमपुस्तक उघडून बसले, एमयूटीसीडी, म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या-सिग्नलांचं अख्ख्या अमेरिकेचं नियमपुस्तक, डिसेंबर 2023 ची आवृत्ती. त्यात पाच अपघातांची अट आहे, बरोबर. 36 महिन्यांत सहा हीसुद्धा आहे, तिचा पत्रात उल्लेख नाही. मुख्य रस्त्यावर तासाला 300 ची आणि आडव्या रस्त्यावर 200 ची वाहतूक, आठ तासांची सरासरी, हेही आहे, आणि त्यात माणसं आणि सायकली धरायच्या असतात. आणि वेगळा निकष आहे तो दिसण्याचा: थांबूनही आडवी वाहतूक दिसत नसेल, तर तेवढ्यावर चारही बाजूंच्या पाट्यांचा विचार करता येतो. आमच्या कोपऱ्यावरचं कुंपणाचं झुडूप माझ्या डोक्याच्या वर गेलंय. स्टॉपच्या रेघेवर थांबलं की फक्त पानं दिसतात. गाडीचं नाक अर्ध्या रस्त्यात घातल्याशिवाय डावीकडचं काही दिसत नाही. पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. इथे गाडीत बसून कुणी पाहिलंच नसणार.

उगाच लावलेल्या पाट्या लोक पाळत नाहीत, वेग कमी करायला स्टॉप वापरू नये, हे मला मान्य आहे. पण मी वेगाबद्दल बोलतच नाहीये, दिसण्याबद्दल बोलतेय! आणि पत्रात उपाय काय, तर ताशी 25 मैलांच्या वेगमर्यादेची एक जादा पाटी लावतो. तीच पाटी मागच्या वर्षीही लावली होती, पुढच्या वळणावर. तिच्या खालीच डिलिव्हरीच्या व्हॅन उभ्या असतात. हिवाळ्यात बर्फ हटवणारी गाडी फिरली की सगळा बर्फ याच कोपऱ्यावर ढकलतात, मग तर लहान मूल दिसायचं नावच नको. आणि स्टॉपला चाक न थांबवता सरकत पुढे जाणारे, त्यांच्यावर तर माझं डोकंच फिरतं.

पुढच्या मंगळवारी टाउनशिपची सभा आहे. माइकवर माणशी तीन मिनिटं. मुलीच्या उंचीवरून, रेघेवरून काढलेले फोटो छापून झालेत, आई सोबत येणार आहे आणि बाटली पिशवीत ठेवली आहे. मोजणी ऑक्टोबरात, शाळेच्या वेळेला, पुन्हा करा आणि ते झुडूप आधी कापा, एवढंच मागणार आहे. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यातल्या सभेला पुन्हा जाईन.