धाक, खाऊ आणि साखळी

सोलापुरात कुत्रं पाळलेल्या कुठल्याही घरी जा, एक वाक्य ऐकायला मिळतंच: "धाक पाहिजे हो, नाहीतर डोक्यावर बसतंय." आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी यावरूनच पेटलं. जुळे सोलापुरातल्या दादाकडे टायगर नावाचा लॅब्रेडोर आहे. तो येईल त्याच्या अंगावर उड्या मारतो, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मामा म्हणाले, दोन रट्टे घाला, सरळ येईल. पुतणीने लिहिलं, मारायचं नाही, नीट वागला की खाऊ द्यायचा. त्यावर मामा: "म्हणजे लाच! जर्मनीत चालत असेल." मग हॅनोव्हरवाला म्हणून मला साक्षीला ओढलं.

साक्ष देतो, पण ती दोन्ही बाजूंना थोडी थोडी टोचेल.

आधी जर्मनीचं. इथली कुत्री ट्राममध्ये गपगुमान पायाशी बसतात, हे खरं. म्हणून जर्मन माणूस जन्मतःच भूतदयेचा पुतळा, असं मात्र नाही. आमच्या लोअर सॅक्सनी राज्यात 2013 पासून नवख्या माणसाला कुत्रा आणण्याआधी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि पहिल्या वर्षात प्रात्यक्षिक. शिवाय चिप, विमा, नोंदणी, आणि नगरपालिकेचा कुत्र्यावरचा कर वेगळाच. शिकवताना काटेरी पट्टा किंवा दुखापत करणारं कुठलंही साधन वापरायला 2022 पासून देशभर बंदी आहे. बंदी घालावी लागली, म्हणजे लोक वापरत होते. ती लागू झाली तेव्हा बर्लिन पोलिसांचीच पंचाईत झाली, कारण त्यांचे काही श्वान त्याच पट्ट्यावर तयार झालेले. त्याआधी 2020 मध्ये कुत्र्याला दिवसातून दोनदा, मिळून तासभर बाहेर न्यायलाच हवं असा प्रस्ताव आला, तर इथल्या लोकांनीही सरकारची यथेच्छ टिंगल केली. तेव्हा मामा, धाक इकडेही आहेच. फक्त तो मालकाला आहे.

मामांचा दुसरा मुद्दा जास्त पसरलेला आहे: कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला, कळपात एकच म्होरक्या असतो, तेव्हा घरात म्होरके आपण आहोत हे त्याला दाखवून द्यायचं. ही कल्पना 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून मांडली. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या लिखाणामुळे ती जगभर गेली, आणि 1999 मध्ये खुद्द मेक यांनीच ती दुरुस्त केली. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, गादीसाठी भांडणारी टोळी नव्हे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. सोलापूरकराने तरी लांडगा पिंजऱ्यातल्यावरून ओळखू नये.

आता लाचेचं. लाच काम होण्याआधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर मिळतं. फरक एवढाच, पण सगळा खेळ त्यावर आहे. टायगर उडी मारतो तेव्हा घरात काय होतं ते मी सुट्टीत नीट बघितलंय. बेल वाजते, तो दाराशी धावतो, पाहुण्याच्या छातीवर पंजे टेकतो. दादा ओरडतो "नो, नो!", वहिनी "टायगर, बस खाली!", आई आतून "हाड!", आणि कामाला येणाऱ्या मावशी तेलुगूत काहीतरी. तेवढ्यात पाहुणा हसत त्याचं डोकं खाजवतो. टायगरच्या बाजूने विचार करा: उडी मारली की अख्खं घर आपल्याकडे बघतं, बोलतं, हात लावतं. याहून मोठं बक्षीस ते काय?

पुतणीने त्याचं उलट केलं. उडी मारली की पाठ फिरवायची, हूं नाही की चूं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी "शाबास", आणि नखाएवढा पनीरचा तुकडा. उशीर झाला तर कुत्र्याला वाटतं, खाऊ शेपूट हलवल्याबद्दल मिळाला. म्हणून कुत्रा शिकवणं हे निम्मं माणसाचा हात आणि जीभ वेळेवर चालायला शिकणं आहे. हळूहळू खाऊ दर वेळी द्यायचा नाही, कधी नुसती पाठ थोपटायची. यात लाड कुठे आहेत? उलट रट्टा घालणं हेच आळशाचं काम, कारण त्याला काही ठरवावं लागत नाही.

मार चालतो, असं लोक म्हणतात ते खोटं नाही. कुत्रा थांबतो. पण थांबतो म्हणजे काय शिकतो? पोर्तुगालमधल्या अभ्यासकांनी 92 पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दटावून, झटके देऊन शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं आढळलं. मला त्याहून मोठी भीती गुरगुरण्याची वाटते, म्हणजे ते बंद होण्याची. कुत्रा गुरगुरतो तो "लांब राहा" असं सांगायला. गुरगुरल्याबद्दल मार बसला की तो सांगणं सोडतो आणि एक दिवस थेट चावतो. मग घरचे म्हणतात, "कधी नव्हे ते अचानक चावला."

आणि इथे सोलापूर आणि हॅनोव्हर यांची तुलना संपते. जर्मनी 2008 पासून जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे. इथे कुत्रा चावला तर लोक जखमेची आणि विम्याची काळजी करतात. आपल्याकडे घरचं कुत्रं चावलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा. आईचा "हाड!" त्या भीतीतून येतो. परदेशातून त्याला अडाणीपणा म्हणणं मला जमत नाही.

इथली पुस्तकं गृहीत धरतात की रस्त्यावर मोकळं कुत्रं नसतंच. दादाच्या गल्लीत खिशात पनीर घेऊन निघालात तर चार वाटेकरी मागे लागतात आणि टायगरचा धडा मारामारीत संपतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलायला सांगितली, मग अकरा दिवसांत निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच भागात सोडा, रेबीजची किंवा आक्रमक असतील ती वगळून, असा बदल केला. तेव्हापासून घराघरांत श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे असे दोनच पक्ष उरलेत. त्यात पाळीव कुत्र्याच्या मालकाला कुणी काही विचारतच नाही. म्हणून मी पुतणीला सांगितलं, पहिले धडे गच्चीवर, आणि तेही सकाळी सहाला. एप्रिलमध्ये पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा अकराच्या डांबरावर पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका.

खाऊचंही आपलं आपल्यालाच ठरवावं लागेल. कडक भाकरीचा तुकडा, उकडलेलं रताळं, मांसाहारी घरात बिनमिठाचं चिकन, सगळं चालतं. शेंगा चटणी नको, त्यात लसूण असतो. आणि जिल्ह्यात घरोघरी असणारी द्राक्षं-बेदाणे तर अजिबात नकोत, कुत्र्याच्या मूत्रपिंडावर ते उठू शकतात.

पण धाक की खाऊ या भांडणात खरी गोष्ट बाजूला राहते, ती म्हणजे साखळी. बंगल्याच्या फाटकाशी दिवसभर बांधलेलं, राखणीचं म्हणवलं जाणारं कुत्रं भुंकणार नाही तर काय करणार? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा गुन्हाच आहे. दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. एवढ्यात सोलापूरच्या सात रस्ता चौकात दोन चहा येतील.

दादा आता शिकवणीला माणूस लावणार म्हणतोय. लावू दे. पण त्या माणसाला दोन गोष्टी विचार म्हटलं: टायगर चुकला तर तुम्ही काय करता, आणि आमच्यापैकी कुणाकुणाला शिकवणार? "तुम्ही आत बसा, मी बघतो" असं तो म्हणाला, तर चहा पाजायचा आणि फाटकापर्यंत सोडून यायचं.