एकत्र निधी उभारताय? आधी बॅनर छापा

आपल्या गोव्यातले प्रत्येक खासगी कॉलेज वेगवेगळे हात पसरत फिरते, ही गोष्ट तुम्हाला अचानक खटकू लागली असेल, तर समजावे की कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायला फार दिवस उरलेले नाहीत. घाबरू नका. चार संस्थांनी मिळून एकच झोळी धरावी ही कल्पना नीट हाताळली, तर तिच्यापासून कोणालाही काडीचा त्रास होत नाही.

उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात अमेरिकेपासून करा. १९४४ साली टस्कीगी इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी कृष्णवर्णीयांची २७ खासगी महाविद्यालये एकत्र आणून 'युनायटेड नीग्रो कॉलेज फंड' काढला आणि पहिल्याच मोहिमेत साडेसात लाख डॉलरांच्या वर रक्कम जमवली, हे सांगा. चार वर्षांनी इंडियाना राज्यातल्या दोन खासगी कॉलेजांचे अध्यक्ष जोडीने कंपन्यांच्या दारी गेले, हेही सांगा. टाळ्या पडतील. मग तिथेच थांबा. तिकडच्या कित्येक राज्यांतल्या कॉलेजसंघांनी जमलेल्या पैशांतला मोठा भाग सर्वांना सारखा आणि उरलेला पटसंख्येप्रमाणे, असे वाटपाचे सूत्र बांधून घेतले होते, ते चुकूनही बोलू नका. वाटणी आधीच ठरली तर पुढच्या बैठकांना काम काय उरणार?

घरचे उदाहरण तर टाळाच. पणजीची मुष्टिफंड संस्था घराघरांतून काढून ठेवलेल्या मूठमूठ तांदळांवर उभी राहिली, तीही पोर्तुगीज अमलात. पण मुठीवर दात्याचे नाव कुठे कोरणार? असला प्रकार आजच्या काळात परवडत नाही.

आता समिती. तिच्यात तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा या तालुक्यांना समान प्रतिनिधित्व द्या आणि लेटरहेडवर कोणाचे नाव आधी घालायचे यावर निदान एक चतुर्थी जाऊ द्या. फोंडा सगळ्यांना मध्यावर पडतो, म्हणून बैठक पणजीतच ठेवा. तिथे पार्किंग मिळत नाही, त्यामुळे कोरम होत नाही. धनादेशावर चौघांच्या सह्या बंधनकारक करा. त्यांतला एक जण लेकीकडे लिस्बनला गेलेला असतोच.

देणगीदार गाठण्याचे तंत्र मात्र सविस्तर शिकण्यासारखे आहे. पूर्वी ते सोपे होते. एकाच खाणमालकाच्या केबिनबाहेरच्या सोफ्यावर चार प्राचार्य एकमेकांची ओळख नसल्यासारखे बसत आणि चौघेही थोडेथोडे घेऊन उठत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले. सोफाही थंडावला. आता हॉटेलवाले, बिल्डर आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या उरल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आहेत आणि त्यात शिक्षण बसते. म्हणजे मार्च जवळ आला की साहेब तुम्हाला चहा पाजतो. त्याच्याकडे चौघांनी संयुक्त पत्र घेऊन जावे, फोटो काढावा, निरोप घ्यावा. मग गाडीत छत्री विसरल्याचे निमित्त करून एकट्याने परत वर जावे आणि आपल्या कॉलेजचे वेगळे पत्र टेबलावर ठेवावे. जिन्यात इतर तिघे भेटतील. त्यांच्याही छत्र्या राहिलेल्या असतात. फेब्रुवारी महिना असला तरी.

एखादा साधा माणूस म्हणेल, "सर, माझे पैसे चार मुलांच्या फीसाठी वापरा." त्याला सावध करा. भरलेली फी दिसत नाही. तीच रक्कम सेमिनार हॉलमध्ये गेली तर संगमरवरी पाटी लागते, मंत्री येतो आणि वातानुकूलन निदान त्या दिवसापुरते चालते. दात्याने रोख रक्कम काढली तर हसतमुखाने घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, ही माहिती पावती फाडून झाल्यावर द्यायची असते.

कार्यक्रम हवाच. नाटक लावा, स्मरणिका काढा, 'एक शुभचिंतक' छापाच्या जाहिराती पालकांकडून वसूल करा. मध्यंतरात पावणी, म्हणजे लिलाव, ठेवा. देवळाच्या उत्सवात एका फणसासाठी इरेला पेटणारे आपले लोक कॉलेजच्या नावाने तेवढे पेटत नाहीत, पण फणस ठेवायला काय हरकत आहे? हॉल, साऊंड, जेवण आणि शाली यांचा खर्च जमलेल्या रकमेच्या जवळपास पोहोचला, की कार्यक्रम यशस्वी झाला असे वृत्तपत्राला कळवा.

राहता राहिला विद्यार्थी. हा घटक योजनेत उशिरा येतो. त्याच्याकडून मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागा. शिवाय इतर तिन्ही कॉलेजांकडून 'आम्ही याला काही दिलेले नाही' असे पत्र आणायला सांगा. ते पत्र द्यायला त्यांना कधीच अडचण येत नाही. सत्तरी तालुक्यातली मुलगी असेल तर मूळ कागद घेऊन पणजीला स्वतः यायला लावा, बसचे भाडे तिचे तिने भरावे. वडिलांचा टिपर खाणबंदीत बँकेने ओढून नेला, असे ती सांगू लागली तर मान हलवा आणि 'स्वयंघोषणापत्र जोडा' म्हणा. पात्र ठरली तर तिला स्टेजवर बोलवा. फ्लेक्सचा चार फुटी धनादेश तिच्या हातात द्या आणि फोटो झाला की परत घ्या. रकमेचा रकाना कोरा ठेवलेला असतो, तो पुढच्या वर्षीही चालतो.

खरा धनादेश चौथ्या सहीसाठी थांबेल. तोवर दुसरे सेमिस्टर उलटेल आणि ती मुलगी कांदोळीच्या एखाद्या हॉटेलात रिसेप्शनला लागेल. वाईट वाटून घेऊ नका. तिचे नाव लगेच माजी विद्यार्थ्यांच्या यादीत घाला. ती आता कमावती झाली आहे. नव्या पावतीपुस्तकाची पहिली पावती तिच्याच नावाने फाडा.