गाडी लागली

शनिवारी संध्याकाळी पक्या टपरीवर आला तोच तणतणत. अमेरिकेतला क्लायंट मीटिंगमध्ये म्हणाला, "लेट्स टेबल धिस." हा शहाणा रात्री दोनपर्यंत जागून त्या विषयाच्या स्लाइड्स करत बसला. सकाळी कळलं, साहेबाला विषय बाजूला ठेवायचा होता.

"भाषा आहे की थट्टा? एका शब्दाचे छप्पन्न अर्थ!"

"छप्पन्न?" मास्तर हसले. "१९८९च्या ऑक्सफर्ड कोशात 'सेट'चे ४३० होते. आता 'रन' पुढे गेलाय, नुसत्या क्रियापदाचे ६४५." मास्तर निवृत्त झाले, पण आकडे अजून खिशात घेऊन फिरतात.

"तेच म्हणतोय मी! बॅट म्हणजे वटवाघूळ, आणि बॅट म्हणजे..."

"ते वेगळे शब्द. वटवाघळाला पूर्वी 'बाक्के' म्हणायचे, त्याचं बिघडून बॅट झालं. एका गल्लीत दोन सुरेश राहावेत, तसं."

आता सोन्याला चेव आला. "आणि आपलं 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, चहा गोड लागतो, कुणी नात्याने भाची लागते आणि शेवटी वाट लागते."

"ते कळतं की आपल्याला!"

"कसं कळतं? शेजारचा शब्द सांगतो म्हणून. ठेच लागली म्हटल्यावर कुणी पेढे मागत नाही."

इथे मात्र मी पक्याच्या बाजूने. 'टेबल'ला शेजारचा शब्द वाचवत नाही, कारण एकाच मीटिंगच्या एकाच वाक्यात दोन्ही अर्थ चपखल बसतात, आणि तेही नेमके उलटे. ब्रिटिशांचं टेबल म्हणजे विषय चर्चेला घेणं. आपण त्यांच्याकडून शिकलो, म्हणून आपल्या विधानसभेतही कागद 'पटलावर' ठेवतात. अमेरिकन माणूस टेबल करतो तेव्हा विषय गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांची याच शब्दावरून जुंपली होती, चर्चिलनेच लिहून ठेवलंय. बराच वेळ तावातावाने भांडल्यावर उमगलं, की दोघांनाही एकच हवं होतं.

"म्हणजे मी एकटाच येडा नाही," पक्या जरा निवळला. कटिंग उचलणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. महाबळेश्वरहून निघालेल्या बायकोचा मेसेज: 'गाडी लागली.'

पक्या स्क्रीनकडे बघतच राहिला. "फलाटाला लागली, की हिला लागली?"

"शेजारचा शब्द बघ," सोन्या.

"अरे, दोनच शब्द आहेत!"

मास्तरांनी आणखी एक कटिंग सांगितला. पक्या कोपऱ्यावर जाऊन फोन लावत होता. फोन लागत नव्हता.